२० इंची ट्रायल्स सायकल: सुट्या भागांची निवड आणि निगा (प्रकल्प नोंदी, सातारा)

काम असं: हाताशी असलेल्या २० इंची ॲल्युमिनियम फ्रेमवर पूर्ण ट्रायल्स सायकल उभी करायची आणि ती पावसाळाभर चालती ठेवायची. ट्रायल्समध्ये पाय न टेकवता दगड, ओंडके, कठडे यांवरून सायकल न्यायची असते. सीट नसते, गिअर एकच असतो आणि सगळा भार धक्क्यानं येतो. चालवायच्या जागा दोन, ओढ्यातला काळा कातळ आणि बंद पडलेली दगडखाण, दोन्हीकडे जागेच्या मालकाला विचारून. कासचा सडा (खडकाळ पठार) आणि अजिंक्यताऱ्याची तटबंदी यांवर चाक न्यायचं नाही. सड्यावर मातीचा थर पातळ असतो. तो एकदा घासला की तिथली फुलं लवकर परत येत नाहीत.

खरेदीचा नियम सुरुवातीलाच ठरवला. जो भाग तुटला की माणूस तोंडावर पडतो तो नवा आणि ट्रायल्ससाठीच बनवलेला घ्यायचा. चेन, फ्रीव्हील (एका दिशेला जोर घेणारं, उलट दिशेला मोकळं फिरणारं दातेरी चक्र), क्रँक (पेडलचा दांडा), स्टेम (हँडलला फ्रेमशी धरणारा तुकडा), हँडल आणि ब्रेक हे त्यात येतात. बाकीचं साताऱ्यात मिळतं, नाहीतर एमआयडीसीतल्या लेथवर करून घेता येतं.

३ मे: फ्रेम तपासणी

आधी रॉकेलनं धुऊन फ्रेम कोरडी केली. भेगा शोधायला तेल आणि खडूची जुनी पद्धत वापरली. संशयाच्या जागी पातळ तेल लावायचं, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्यायचं, फडक्यानं अगदी कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड भुरभुरायची. भेग असेल तर आत गेलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीत केसाएवढी काळपट रेघ उमटते. नुसता रंग तडकला असेल तरी रेघ दिसते, म्हणून तेवढ्या जागेचा रंग खरवडून पुन्हा एकदा करायचं.

बघायच्या जागा: हेडट्यूबखालचा (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीखालचा) जोड, बीबी शेलजवळ (क्रँकचा आस बसतो त्या नळीजवळ) चेनस्टेचा, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीचा जोड, मागच्या ब्रेकचे माउंट आणि ड्रॉपआउटची, म्हणजे चाकाचा आस अडकतो ती खाच. बीबी शेलजवळची भेग सर्वांत जास्त आढळते, कारण बॅशप्लेट (फ्रेमच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) दगडावर आपटली की तो दणका थेट तिथे जातो. या फ्रेमवर कुठेच रेघ आली नाही.

मापं: मागच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) जागा ११६ मिमी, पुढची १०० मिमी, बीबी शेल ६८ मिमी, साधे बीएसए आटे. ११६ हे माप ट्रायल्सचंच. बीएमएक्सचा (कसरतीच्या छोट्या सायकलचा) ११० मिमीचा हब इथे बसवायला गेलं तर ड्रॉपआउट आत ओढावे लागतात आणि ॲल्युमिनियमला ते अजिबात सोसत नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं २६ इंचीचाही विचार करावा. टायर, ट्यूब, पुढचा हब हे सगळं एमटीबीचं (डोंगरी सायकलचं) चालतं, त्यामुळे सुटे भाग मिळवणं बरंच सोपं. २० इंचीचं चाक लहान, म्हणून ताठ आणि हलकं असतं आणि अवघड जागी सायकल वळवणं सोपं जातं. इथे फ्रेम हातात होती, म्हणून प्रश्नच नव्हता.

९ मे: गिअर आणि चेन

गिअर १८/१२, म्हणजे पुढे १८ दाते आणि मागे १२. पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.४ मीटर जाते. २६ इंचीवर २२/१८ लावतात, तिथे हे अंतर साधारण २.६ मीटर येतं. रस्त्यावरच्या साध्या काळ्या सायकलचं पाच मीटरच्या वर असतं. एवढा हलका गिअर लागतो कारण इथे अर्ध्या-पाऊण फेऱ्यातच सायकल उचलून पुढच्या दगडावर टाकायची असते.

या हलक्या गिअरची किंमत चेन मोजते. ७० किलोचा माणूस जोरात पेडल मारताना क्षणभर वजनाच्या दुप्पट जोर देतो असं धरू, म्हणजे १४० किलो. क्रँक १६५ मिमीचा. १८ दात्यांच्या चक्राची त्रिज्या ३६.६ मिमी. चेनवरचा ताण १४० × १६५ ÷ ३६.६, म्हणजे सुमारे ६३० किलो. तोच जोर ४४ दात्यांच्या साध्या सायकलवर दिला तर त्रिज्या ८९ मिमी होते आणि ताण २६० किलोवर येतो. चांगल्या चेनची तुटण्याची मर्यादा एक टनाच्या आसपास असते. म्हणजे नव्या चेनवरही फार मोकळीक उरत नाही, आणि झिजलेल्या, गंजलेल्या किंवा एखादी पट्टी वाकलेल्या चेनवर तर ती संपलेलीच असते. उडी मारताना चेन तुटली की पाय खाली जातो, गुडघा स्टेमवर आपटतो आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

म्हणून अर्धा इंच बाय एक अष्टमांशाची, जाड पट्ट्यांची चेन घेतली. साधारण ७० कड्या लागतात. जोडणी पिन ठोकून केली. चेन लॉक (क्लिपनं बसणारी सुटी कडी) लावायचं नाही. दगडाला घासलं की क्लिप उडते आणि ती उडालेली कळतही नाही. पिन बसवल्यावर ती दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर आलेली हवी, आणि ती कडी बोटानं हलवली तर बाकीच्यांइतकीच सहज वळली पाहिजे. कडक राहिली तर चेन आडवी धरून हलकेच दोन्हीकडे वाकवायची, लगेच मोकळी होते.

११ मे: फ्रीव्हील

ट्रायल्समध्ये फ्रीव्हील मागच्या हबवर न बसवता उजव्या क्रँकवर बसवतात आणि मागे घट्ट चक्र असतं. कारण मापात आहे. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंचाचे, म्हणजे ३४.८ मिमी. १२ दात्यांच्या चक्रावर दात्यांच्या बुडाशी व्यास उरतो जेमतेम ४१ मिमी. या दोघांच्या मध्ये खटके (एकाच दिशेला अडणाऱ्या छोट्या जिभा), स्प्रिंग आणि छर्रे बसायला जागाच नाही. १८ दात्यांत मजबूत यंत्रणा मावते. तोटा असा की चाक फिरलं की चेन फिरतेच, पेडल थांबलेलं असलं तरी. स्टँडवर चाक फिरवताना बोटं लांब ठेवावीत आणि बुटाची नाडी आत खोचावी.

किती क्लिकचं (एका फेऱ्यात किती ठिकाणी खटके पकडतात त्याचं) घ्यायचं यावर सगळेच अडतात. हिशेब सोपा आहे. १८ क्लिकच्या साध्या फ्रीव्हीलमध्ये पेडल २० अंश मोकळं फिरू शकतं, १६५ मिमीच्या क्रँकवर ते जवळपास ५८ मिमी होतं. ७२ क्लिकला ५ अंश, म्हणजे १४ मिमी. १०८ क्लिकला ३.३ अंश, साडेनऊ मिमी. १८ वरून ७२ ला जाण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ७२ वरून १०८ ला जाण्यात साडेचार मिलिमीटरचा.

शिवाय आत खरोखर १०८ खाचा नसतात. खाचा कमी असतात आणि खटके एकमेकांपासून अर्ध्या किंवा एक तृतीयांश टप्प्यानं मागे-पुढे ठेवलेले असतात. त्यामुळे कोणत्याही क्षणी सगळे खटके मिळून भार घेत नाहीत, त्यांतले मोजकेच घेतात. चिखलानं एखादा खटका अडकला की उरलेल्यांवर दुप्पट भार येतो आणि ऐन जोरात फ्रीव्हील घसरतं. साताऱ्याच्या पावसाळ्यात आमची पसंती ७२ क्लिकच्या, पण उघडून साफ करता येणाऱ्या फ्रीव्हीलला.

बसवताना आट्यांना भरपूर ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावली. प्रत्येक पेडल मारण्याबरोबर हे आटे आणखी आवळत जातात. कोरडे बसवले तर सहा महिन्यांनी काढताना पुलरच्या (फ्रीव्हील काढायच्या हत्याराच्या) खाचा मोडतात. पहिले आटे हातानं पकडायचे. क्रँकचं ॲल्युमिनियम मऊ असतं, तिरपं लागलं तर आटे गेलेच.

१७ मे: बीबी आणि क्रँक

आयसिस (खाचांच्या आसाचा एक प्रकार) बीबी, १२८ मिमीचा स्पिंडल (आस). उजवा कप डाव्या आट्याचा, हे सायकलच्या दुकानात सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत उलटं फिरवून शेल खराब झालेल्या फ्रेम सगळीकडे दिसतात. आटे ब्रशनं साफ करून ग्रीस लावलं, टॉर्क पान्यानं आवळलं. क्रँकचे बोल्ट पहिल्यांदा चालवल्यावर पुन्हा आवळायचे. आयसिसच्या खाचा एकदा ढिल्या चालल्या की गोल होतात आणि मग क्रँक टाकूनच द्यावा लागतो.

२४ मे: मागचं चाक आणि टायर

इथे मापाचा घोळ होतो, म्हणून सविस्तर. २० इंची ट्रायल्सच्या मागच्या चाकाची रिम खरं तर १९ इंची, टायर बसण्याचा व्यास ३८७ मिमी. पुढची रिम ४०६ मिमी. दोन्ही टायरवर मात्र २० इंचच लिहिलेलं असतं. दुकानात मिळणारा मुलांच्या सायकलचा २० इंची टायर ४०६ चा. तो मागच्या रिमवर चढतो, पण १९ मिमी सैल असतो, आणि हवा भरताना कडेनं ट्यूब बाहेर येऊन फुटते. टायर घेताना बाजूला कोरलेला आकडाच वाचायचा. ट्यूब मात्र साधी २० इंची चालते, फक्त रुंद टायरसाठीची जाड घ्यावी.

स्पोक १४ गेजचे, स्टेनलेस. ३२ भोकं, तीन क्रॉस, पितळी निपल. पहिले काही दिवस चालवलं की स्पोक बसतात आणि ताण उतरतो, तेव्हा आउट (चाकाचं डावी-उजवीकडे हलणं) काढून पुन्हा आवळायचे. या चाकावर ब्रेक रिमला लागतो, म्हणून आउट अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा.

हवा: मागे २० पीएसआयच्या आसपास, पुढे ३० च्या. वजनाप्रमाणे बदलते. कसोटी अशी की दगडाच्या कोपऱ्यावर मागच्या चाकानं उडी मारून उतरल्यावर रिम टेकल्याचा टक्क आवाज आला तर दोन पीएसआय वाढवायचे. पेट्रोल पंपावरच्या गेजवर इतक्या कमी हवेचा भरवसा नाही, कमी दाबाचं वेगळं गेज ठेवावं. जांभा दगड पकड छान देतो, पण त्याच्या करवती कडा टायरच्या बाजूच्या भिंती कापतात. काळ्या कातळावर टायर जास्त टिकतो.

३१ मे: रिमला ग्राइंड

मागे हायड्रॉलिक रिम ब्रेक, माग्युरा एचएस३३. ट्रायल्समध्ये मागच्या ब्रेकचं काम वेग कमी करण्याचं नाही. चाक जाम धरून त्यावर उभं राहायचं असतं. गुळगुळीत रिमवर ते जमत नाही, म्हणून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या कडा ग्राइंडरनं खरखरीत करतात.

पद्धत: टायर-ट्यूब काढून चाक स्टँडवर. चार इंची अँगल ग्राइंडरला ग्राइंडिंगची चकती, नवी असेल तर धार थोडी बोथट करून. चकती ४५ अंशांत धरायची, ग्राइंडरचं वजनही रिमवर टाकायचं नाही, नुसता स्पर्श. एक टिचकी, दोन मिलिमीटर पुढे, पुन्हा टिचकी. पूर्ण फेरा झाला की चाक उलटं लावून दुसरी बाजू. ओरखडा नखाला लागेल एवढा पुरे. खोल चर पडला की तिथूनच रिम चिरते, विशेषतः टायर अडकतो त्या ओठाजवळ. म्हणून वरचा दोन मिलिमीटरचा पट्टा सोडला. शेवटी काचपेपर एकदाच हलका फिरवला, नाहीतर पहिल्याच दिवशी पॅड किसून निघतात.

गॉगल आणि मास्क हवाच. ॲल्युमिनियमची पूड साचू द्यायची नाही आणि त्याच जागी लगेच लोखंड ग्राइंड करायचं नाही, ठिणगीनं ती पूड पेट घेऊ शकते.

ग्राइंड म्हणजे रिम थोडी थोडी खाणंच. पॅड घासून ओरखडे चकाकू लागले की पुन्हा करावं लागतं, आणि प्रत्येक वेळी भिंत पातळ होते. बाजूची भिंत आत दबलेली दिसली किंवा टायरची हवा वाढवल्यावर ती बाहेर फुगली तर रिम बदलायची.

पॅड रिमला सपाट लागले पाहिजेत. कागदाची पट्टी मध्ये ठेवून लिव्हर दाबायचं आणि पट्टी चारही कोपऱ्यांतून ओढून बघायची. एका कोपऱ्यातून सुटली तर सिलिंडरचा कोन बदलायचा. दोन्ही बाजूंना एक-दीड मिलिमीटर अंतर. ब्रेक दाबल्यावर सीटस्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या वरच्या नळ्या) बाहेर फाकत होते, म्हणून त्यांना बांधून धरणारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा बूस्टर लेथवाल्याकडून ६ मिमीच्या ॲल्युमिनियम पत्र्यातून कापून घेतला. लिव्हरमधला स्पंजपणा तिथेच निम्मा गेला.

१ जून: ब्रेकचं तेल

या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं. मोटारसायकलच्या दुकानात ब्रेक ऑइल मागितलं की डॉट ३ किंवा डॉट ४ हातात येतं. ते यात घातलं तर रबरी सील फुगतात, पिस्टन अडकतात आणि पूर्ण ब्रेक बाद होतो. काही चालवणारे तेलाऐवजी पाणी भरतात, पाणी पातळ असल्यानं लिव्हर चटकन प्रतिसाद देतं. पण आत गंज चढतो आणि सील कोरडे पडतात. पावसाळाभर टिकवायच्या सायकलला ते नको.

चाक आणि पॅड काढले. लिव्हरवरचा ॲडजस्टर पूर्ण बाहेर घेतला, नाहीतर पिस्टनला मागे यायला जागा राहत नाही. लिव्हरच्या हवेच्या स्क्रूचं तोंड सगळ्यात उंच येईल असं हँडल फिरवलं. मेडिकलमधून आणलेल्या २० मिलीच्या सिरिंजमध्ये तेल भरून, सिरिंज उभी धरून तिच्यातली हवा काढली आणि नळी खालच्या सिलिंडरला जोडली. वर दुसऱ्या सिरिंजचं नुसतं नळकांडं, वाटीसारखं. खालून सावकाश दाब देत होजवर पान्याच्या मुठीनं टकटक केलं. सिलिंडरच्या कोपऱ्यात बुडबुडा लपतो, तिथे सायकल थोडी तिरपी करावी लागते. वर बुडबुडे थांबले की आधी वरचा स्क्रू बंद, मगच खालची नळी काढून तिथला स्क्रू. क्रम उलटा केला की हवा पुन्हा आत. हे स्क्रू नाजूक असतात, ४ न्यूटन मीटरच्या वर जायचं नाही.

१४ जून: पहिला पाऊस

कोरड्या दिवसांत काही जण गुळगुळीत रिमवर डांबराचा खडा घासतात. पकड जबरदस्त येते. पण ओलं झालं की डांबर कामाचं राहत नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात ते मऊ पडून पॅडला चिकटतं. साताऱ्यासाठी ग्राइंडच बरा. ओल्यात पहिला अर्धा फेरा ब्रेक घसरतो, मग धरतो. म्हणून दगडावर चढण्याआधी चाक फिरवत ब्रेक दोनदा दाबून रिम पुसून घ्यायची.

पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, १६० मिमीची डिस्क. चेनला मारलेला तेलाचा स्प्रे डिस्कवर उडाला की पॅड गेले. तेल थेंबानंच घालायचं. डिस्क पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल.

ओढ्यातला कातळ आता शेवाळला आहे. तिथे कोणताही टायर धरत नाही, त्या दगडांना सप्टेंबर संपेपर्यंत हात लावायचा नाही.

२९ जून: बेअरिंग

मागच्या हबमध्ये खरखर. धुताना सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर पंप हबवर किंवा फ्रीव्हीलवर मारला की पाणी सीलच्या आत जातं. बादली आणि ब्रशच बरा.

बेअरिंगवरचा नंबर ६००१. हे १२ × २८ × ८ मिमीचं सर्रास वापरातलं माप आहे, बेअरिंगच्या दुकानात लगेच मिळतं. ६९०२ असेल तर मागवावं लागेल. नंबरपुढे २आरएस हवं, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, त्यातून पाणी आणि लाल माती आत जाते. बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्यायचा. जुनं बेअरिंग वर ठेवून व्हाइसमध्ये दाबलं. आतल्या कड्यावर ठोकलं की छर्ऱ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून खरखरतं.

फ्रीव्हीलही त्याच बैठकीत उघडलं. रॉकेलनं धुऊन, पूर्ण वाळवून, खटक्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-दोन थेंब. ग्रीस खटक्यांवर नाही. जाड ग्रीसमध्ये खटका सावकाश उठतो आणि अर्धाच बसतो, मग दात्याचा कोपरा तुटतो. साधं फ्रीव्हील उघडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्याचं दोन भोकांचं झाकण डाव्या आट्याचं असतं.

१३ जुलै: बॅशप्लेट, बोल्ट

बॅशप्लेटसाठी ६०६१-टी६ चा (उष्णता-प्रक्रियेनं कडक केलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा) ५ मिमी पत्रा. लेथवाल्याला वाकवण्याची त्रिज्या २० मिमीपेक्षा कमी करू नका असं सांगितलं, टी६ पत्रा कडक कोनात वाकवला की बाहेरच्या अंगाला चिरतो. बोल्टची डोकी काउंटरसंक करून पत्र्याच्या आत घेतली, वर राहिली तर कातळ ती घासून टाकतो आणि नंतर ड्रिलनंच काढावी लागतात. आटे सैल होऊ नयेत म्हणून निळं लोकटाइट लावलं.

स्टेमला स्टेनलेस बोल्ट वापरायचे नाहीत. गंज नको म्हणून लोक लावतात, पण ए२-७० स्टेनलेसची ताकद ८.८ ग्रेडच्या बोल्टपेक्षा कमी असते. १२.९ चे काळे बोल्ट लावून डोक्यावर ग्रीसचा थर दिला. एम५ ला (५ मिमी आट्यांच्या बोल्टला) ५ ते ६ न्यूटन मीटर.

फ्रेम वेल्ड करून घ्यावी का, हा प्रश्न कधी ना कधी येतोच. टिग वेल्डिंग एमआयडीसीत उत्तम होतं, जोड दिसायलाही सुबक येतो. अडचण जोडाच्या शेजारी असते. ६०६१-टी६ तापलं की त्या पट्ट्यातली ताकद जवळपास निम्मी होते आणि पूर्ण फ्रेम भट्टीत उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय परत येत नाही. ७००५ मिश्रधातू काही आठवड्यांत आपोआप बराच सावरतो. फ्रेमवर धातूचा नंबर नसेल तर हेडट्यूब किंवा बीबीजवळची भेग वेल्ड करून त्या फ्रेमवर उड्या मारायच्या नाहीत. ब्रेक केबलच्या गाइडसारखी भार नसलेली जागा असेल तर हरकत नाही.

२ ऑगस्ट: चेन बदलली

चेन ताणून, पिनच्या मध्यापासून मध्यापर्यंत २४ कड्या स्टील पट्टीनं मोजल्या. नवी असताना ३०४.८ मिमी, आज ३०६.५. रस्त्याच्या सायकलला आणखी चालली असती, इथे ०.५ टक्का, म्हणजे ३०६.३ ही शेवटची हद्द. ही चेन आखूड असल्यानं प्रत्येक कडी जास्त वेळा वळते आणि लवकर झिजते. कड्यांमध्ये लाल मातीची बारीक पूड तेलात कालवलेली होती, सगळी झीज तिचीच.

१८ आणि १२ दोन्ही सम संख्या, त्यामुळे एका दात्यावर कायम बाहेरची कडी येते आणि शेजारच्यावर कायम आतली. मागच्या चक्रावर एकाआड एक दाते जास्त झिजलेले स्पष्ट दिसतात. चक्र अजून चांगलं आहे, म्हणून नवी चेन एक दाता पुढे सरकवून बसवली, म्हणजे झीज समान होईल. दात्यांची टोकं एका बाजूला कललेली दिसली की चक्रही बदलायचं. जुन्या चक्रावर नवी चेन उडी मारते.

ताण: चेनच्या मधोमध बोटानं दाबल्यावर १० मिमीच्या आसपास खेळ. क्रँक हळूहळू पूर्ण फिरवून सर्वांत घट्ट जागी मोजायचं, कारण चक्र क्वचितच अगदी गोल असतं. दोन्ही बाजूंचे कॅम (चाक मागे ढकलून चेन ताणणाऱ्या चकत्या) सारख्या खुणेवर आणून हबचे बोल्ट आवळले. काढलेली चेन सुटी करून भंगारात टाकली, ती दुसऱ्या कुणाच्या सायकलला लागू नये म्हणून.